‘घरपट्टी थकवली तरी काही होत नाही’ हा गैरसमज महागात पडतो

मार्चअखेरीस फिरणारा संदेश थोडक्यात असा: घरपट्टी न भरणे हा गुन्हा नाही, म्हणून महापालिका नोटिशीपलीकडे जाऊ शकत नाही. शास्ती (उशिराबद्दलचा दंड) अभय योजनेत, म्हणजे थकबाकीदारांना सूट देणाऱ्या योजनेत, माफ होतेच. घर विकले की थकबाकीशी संबंध संपतो. आणि रस्ते-पाणी धड नसेल तर कर देण्याचे बंधनच नाही. महाराष्ट्रातल्या महापालिकांचा कायदा काय सांगतो ते पाहू. (मुंबईला 1888 चा वेगळा कायदा आहे, बाकी महापालिकांना 1949 चा. पुढची कलमे 1949 च्या कायद्यातली.)

‘गुन्हा नाही, म्हणून कारवाई नाही.’ यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. पण वसुलीला गुन्हा लागतच नाही. बँकेसारखा दावा लावून न्यायालयाचा हुकूमनामा आणण्याचीही गरज नाही. बिल बजावले, मुदत टळली की आयुक्तांच्या वॉरंटवर घरातले सामान जप्त होते किंवा मिळकतीवर टाच येऊन ती विक्रीला निघते. आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे अशा वस्तू जप्तीतून सुटतात. टीव्ही, गाडी, दुकानातला माल सुटत नाही.

‘शास्ती माफ होतेच.’ शास्ती दरमहा 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24. दहा हजारांच्या एका बिलावर महिन्याला 200 रुपये. पन्नास महिन्यांत शास्ती मूळ कराएवढी होते, आणि तोवर पुढच्या वर्षांच्या बिलांवरही तीच चढत असते. अभय योजना हा हक्क नव्हे. ती जाहीर झाली तरच, आणि तिच्या अटींत बसलात तरच सूट मिळते. तीही शास्तीवर, मूळ कर भरावाच लागतो.

‘घर विकले की विषय संपला.’ सर्वात जास्त नुकसान हाच मुद्दा करतो. कलम 141 प्रमाणे सरकारी जमीन महसूल सोडला तर मालमत्ता कराचा (म्हणजे घरपट्टीचा) त्या मिळकतीवर पहिला बोजा असतो, म्हणजे इतर देण्यांआधी तो त्या मिळकतीतून वसूल होतो. कर माणसामागे जातो तसा भिंतींमागेही राहतो. याच्या विरुद्ध 1971 चा सर्वोच्च न्यायालयाचा अहमदाबाद महापालिकेचा निकाल दाखवला जातो. तो खरा आहे: न्यायालयीन लिलावात, थकबाकीची कल्पना नसताना मिळकत घेणाऱ्यावर हा बोजा लागू होणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण सगळी मदार ‘कल्पना नसताना’ या शब्दांवर आहे. चौकशी केली असती तर कळले असते, एवढे दिसले तरी खरेदीदार अडचणीत येतो. आज मिळकत क्रमांक टाकला की थकबाकी अनेक ठिकाणी ऑनलाइन दिसते. अशा वेळी ‘माहीत नव्हते’ कोण मान्य करणार? म्हणून विसार देण्याआधी थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. एक जुनी पावती पुरत नाही, ती फक्त त्या बिलापुरती असते.

भाडेकरूंनाही हे लागू पडते. मालकाने कर भरला नाही तर कलम 140 खाली तो तुमच्याकडून मागता येतो. मात्र एक वर्षापेक्षा जुनी थकबाकी किंवा तुम्ही राहत नव्हता त्या काळातली रक्कम मागता येत नाही. भरलेले पैसे भाड्यातून वळते करता येतात. पावती जपून ठेवा.

‘सुविधा नाहीत, तर कर नाही.’ कर आणि शुल्क यांत फरक आहे. शुल्काला सेवेची जोड असते, कराला तशी थेट देवाणघेवाण नसते. रस्त्याबद्दल जरूर भांडा, पण ते भांडण बिल थांबवत नाही.

बेकायदा बांधकामावर कर भरला की ते अधिकृत होते, हेही चूक. कलम 267अ खाली अशा बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही.

बिलच चुकीचे असेल, म्हणजे क्षेत्रफळ जास्त, निवासी घर बिगरनिवासी, एकाच मिळकतीची दोनदा नोंद, तर गप्प बसू नका. करयोग्य मूल्याच्या (ज्यावरून कर ठरतो त्या मूल्याच्या) विशेष नोटिशीवर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. त्यानंतरचे अपील कलम 406 खाली होते. त्याची मुदत फक्त पंधरा दिवसांची, आणि मागितलेला कर आधी जमा केल्याशिवाय ते ऐकलेच जात नाही.