'मला' म्हणजे बेनी की बाना?

नमस्कार. तुमचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. तुर्की शिकणाऱ्यांसाठीच्या माझ्या तक्त्यात तुर्कीतला 'इ' हा प्रत्यय म्हणजे आपला 'ला', असं मी लिहिलं आणि क्रियापदाला लागणाऱ्या 'मिश' या प्रत्ययाला 'म्हणे'च्या पंक्तीला बसवलं. मराठीच्या कुबड्या देऊन तुर्की शिकवू नका, असं तुमचं म्हणणं.

पहिली चूक कबूल. शाळेत आपण 'स, ला, ते' द्वितीयेलाही घोकलं आणि चतुर्थीलाही. तुर्कीत या दोघींच्या चुली वेगळ्या. 'त्यानं मला पाहिलं' म्हणजे 'बेनी ग्योर्दू', पण 'त्यानं मला दिलं' म्हणजे 'बाना वेर्दी'. माझ्या भरवशावर कुणी 'बेनी वेर्दी' म्हणालं, तर त्यानं मलाच कुणाला तरी देऊन टाकलं, असा अर्थ व्हायचा! शिवाय आपण कुत्र्याला घाबरतो, तर तुर्की माणूस कुत्र्या'पासून' घाबरतो: क्योपेक्तेन.

पण कुबडी फेकणार नाही, कारण द्वितीयेतली खरी गोम मराठी माणसाला आधीच ठाऊक असते. 'मुलगी बघायला गेलो' आणि 'मुलीला बघायला गेलो' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्या वाक्यात मुलगी कोण ते ठरलेलं नाही, दुसऱ्यात ती ठरलेली आहे. तुर्की हाच न्याय निर्जीव वस्तूंनाही लावते. 'किताप ओकुदुम' म्हणजे काहीतरी पुस्तक वाचलं. 'किताबी ओकुदुम' म्हणजे ते, आपण बोलत होतो तेच पुस्तक. (या प्रत्ययाआधी इथे 'प'चा 'ब' होतो. आणि हो, किताब म्हणजे इथे पदवी नव्हे.) इथे मराठी मात्र दोन्हीकडे 'पुस्तक वाचलं' म्हणून मोकळी होते.

राहिला 'मिश'. 'गेल्दी' म्हणजे आला, मी पाहिला. 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे. ही तुलना तुम्हाला थिल्लर वाटली, मला ती अपुरी वाटते. कारण 'मिश' ऐकीव गोष्टीला चालतो, तसाच खुणेवरून बांधलेल्या अंदाजालाही. दारात चपला दिसल्या की तेच 'गेल्मिश', पण तेव्हा मराठीत 'आलेला दिसतोय' म्हणावं लागतं. दुपारी खुर्चीतच डोळा लागला आणि दचकून जाग आली, की तुर्की माणूस म्हणतो 'उयुमुशुम'. तिथे 'मी झोपलो म्हणे' लिहिलं, तर कुणीतरी चहाडी केल्यासारखं वाटेल. 'झोप लागली वाटतं' हेच बरं.

तक्त्यात 'ला'पुढे आता दोन रकाने केले आहेत. 'म्हणे' तसाच ठेवलाय, शेजारी 'वाटतं' आणि 'दिसतोय' जोडलंय.