नको म्हणणाऱ्या बोटीचं रंगकाम

लोखंडाला रंग दिला नाही तर ते गंजतं. लाकडाला दिला नाही तर कुजतं. अ‍ॅल्युमिनियमला रंग दिला नाही तर काय होतं? बहुतेक वेळा काहीच होत नाही. वॉशिंग्टन स्मारकाच्या अगदी टोकावर १८८४ साली अ‍ॅल्युमिनियमचा एक छोटा पिरॅमिड बसवला. तो तेव्हापासून ऊन-पाऊस खातो आहे. वीज पडून पडून त्याचं टोक जरा बोथट झालंय, पण रंगाचा डबा घेऊन वर चढावं असं कुणाला वाटलेलं नाही. कामाच्या कितीतरी अ‍ॅल्युमिनियम बोटी जन्मभर बोडक्या अंगाने पाण्यात हिंडतात आणि त्यांचं काही बिघडत नाही.

तरीही अ‍ॅल्युमिनियमची छोटी बोट हाती आली की माणसाला पहिली आठवण रंगाची होते. माझ्याकडे निमित्त तरी होतं. आधीच्या मालकाने बोटीला रंग दिलेला होता, आणि तो जिथून जायला हवा तिथे चिकटून बसला होता अन् जिथे राहायला हवा तिथून पोपडे धरून निघून गेला होता.

या धातूचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. हवा लागली की अ‍ॅल्युमिनियम क्षणात स्वतःच्या अंगावर ऑक्साइडचा थर चढवून घेतं. थर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ, पण भलताच चिवट. त्याच्यामुळेच बोट गंजत नाही. मात्र हाच थर जुना झाला, ओल खाऊन पांढरट भुकटीसारखा झाला, की त्यावर रंग धरत नाही. म्हणून घासायचं. आता गंमत बघा. पॉलिश पेपरवर जे खरखरीत कण असतात तेही बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचेच. माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे, त्याच जातीचे, म्हणून तर इतके कठीण. म्हणजे काट्याने काटा काढायचा. फक्त इथे एक काटा काढून कपाळावरचा घाम पुसेपर्यंत दुसरा उगवलेला असतो! सुदैवाने ताज्या थराशी प्राइमरचं, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हाताचं, जमतं. अट एवढीच, की घासलं त्याच दिवशी प्राइमर मारायचा. ‘उद्या बघू’ म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून.

पण घासण्याच्याही आधी गळती शोधावी लागते. जुन्या बोटीचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळी, सैल झालेले असतात, आणि रंग म्हणजे काही बूच नव्हे. गळती शोधायची पद्धत अशी, की बोट भक्कम टेकूंवर ठेवायची, तळ सगळीकडून तोलून धरायचा आणि आत पाणी भरायचं. काठोकाठ नाही, चार बोटं पुरे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं आणि बोटीत लिटर फार पटकन मावतात. मग मार्कर घेऊन खाली उताणं पडायचं आणि जिथून थेंब येईल त्या रिव्हेटभोवती गोल करायचा.

मी असा पडलेलो असताना बायको आली.

“बोटीत पाणी कुणी भरलं?”

“मीच.”

“मुद्दाम?”

“हो.”

“आणि आता ते बाहेर येतंय म्हणून तू वैतागलायस?”

याला उत्तर नव्हतं, शिवाय तोंड उघडलं असतं तर थेंब आत गेला असता. हे थेंबही सरळमार्गी नसतात. पाणी एका रिव्हेटातून निघतं, सांध्याच्या कडेकडेने वीतभर चालतं आणि तिसऱ्याच, अगदी निर्दोष रिव्हेटाच्या डोक्यावरून लोंबकळतं. फडक्याने जागा पुसायची, श्वास रोखून बघायचं, आणि पाणी नेमकं कुठून उमलतंय ते पकडायचं. तेवढ्यात चष्म्यावर टपकन पडतं. सापडलेले सैल रिव्हेट मग ठोकून घट्ट करावे लागतात. त्याला दोन माणसं लागतात. एकाने एका बाजूने जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने पलीकडून हातोडी मारायची. ठोकळा बायकोने धरला. प्रत्येक घावागणिक ती काहीतरी म्हणत होती, पण उलट्या बोटीच्या आतून आवाज नीट येत नाही, हा त्या बोटीचा फार मोठा गुण आहे.

यापुढचा टप्पा सल्लागारांचा. शेजारच्या काकांचा पहिला सल्ला, “अरे, तारेचा ब्रश मार, मिनिटात साफ.” साध्या तारेच्या ब्रशातले लोखंडाचे बारीक कण अ‍ॅल्युमिनियमात रुतून बसतात. पुढे पाणी लागलं की दोन धातूंची जुंपते, आणि अशा जुंपणीत झिजायचं काम अ‍ॅल्युमिनियमकडे येतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यावर ते घरात गेले आणि प्रेमाने एक अर्धा डबा घेऊन आले. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून बोटीच्या तळाला मारतात तो रंग होता, तांब्याचा. फायबरच्या बोटीला उत्तम. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला हा रंग मारून ती खाऱ्या पाण्यात सोडली, की आपण एक मोठी बॅटरी तयार करतो आणि त्या बॅटरीत बसून वल्ही मारतो. फुकट मिळालेला डबा परत करायला रासायनिक कारण पुरत नाही, हे मात्र मला तेव्हा कळलं. काकांचा चेहरा आठवडाभर उतरलेला होता.

घासण्याआधी सगळी बोट तेलकटपणा काढणाऱ्या थिनरने पुसायची. आधी घासलं तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. फडकी दोन हवीत, एक ओलं आणि मागोमाग लगेच एक कोरडं. मग घासाघासी, धूळ पुसणं, आणि शेवटी पाण्याची परीक्षा. स्वच्छ पाणी शिंपडायचं. थेंब होऊन गोळा झालं तर तेल शिल्लक आहे, सलग पापुद्र्यासारखं पसरलं तर पास. आमच्या बोटीवर पाणी एकसंध पसरलं. मी दोन पावलं मागे सरकून बघतच राहिलो. तेवढ्यात काका रुसवा सोडून आले, “वा, छान चकचकीत केलीस हं!” म्हणाले आणि तिच्या पाठीवर मायेने तळवा फिरवला. नुकतंच डोक्याला तेल लावलेला तळवा. पाणी पुन्हा शिंपडलं, तर पाचही बोटं मोजता येत होती.

प्रत्यक्ष रंगकामाबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे, कारण ते फार थोडा वेळ चालतं. इपॉक्सी प्राइमर दोन डब्यांत येतो. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळायचे, मिश्रण मुरू द्यायचं, आणि मग एकदम घाई करायची, कारण डब्यातच ते गरम होऊन घट्ट व्हायला लागतं. आधी ‘थांबा’ आणि लगेच ‘पळा’. डब्यावर मुंगीच्या अक्षरांत हवामानाच्या अटी असतात: आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी, पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी जास्त हवं. असा मुहूर्त लागतोही, आणि तो लागला की आसमंतातले झाडून सगळे चिलटं-डास बोटीवर उतरतात. पुढचा हात किती तासांच्या आत द्यायचा तेही लिहिलेलं असतं. वेळ टळली की पुन्हा पेपर. आणि इतकं करून इपॉक्सी उन्हात भुकटी धरतो, म्हणून त्याच्यावर पॉलियुरेथेनचे हात. तो घट्ट करायला त्यात मिसळायच्या हार्डनरच्या वाफा छातीला वाईट, त्यामुळे नाकाला रुमाल बांधून भागत नाही, वाफा गाळणारा कार्ट्रिजवाला मास्कच लागतो. मास्क घालून मला एकाही सल्ल्याला उत्तर देता येत नव्हतं. कामातला तेवढा काळ सुखाचा गेला.

रंग पक्का वाळू दिला आणि चौघांनी मिळून बोट सुलटी केली. जिच्यात चेहरा दिसावा अशी केलेली बाजू जमिनीकडे गेली. यापुढे ती पाण्याखालीच असणार, म्हणजे माशांनी काय बघायची ती. वर आली आतली बाजू: फासळ्या, बाकं, बाकांखालचे कोपरे, आणि कोपऱ्यांतले असे कोपरे की जिथे पेपर धरलेली तीन बोटं जातात पण तळवा जात नाही. जुना रंग तिथे एक पोपडा न सोडता ठणठणीत बसला होता. नखाने खरवडून पाहिलं. हलेना.

“मग हा काढायला नको ना?” बायकोने विचारलं.

“नको. पक्का असेल तर नुसता घासून वरून हात द्यायचा.”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली, “नुसतंच घासायचंय.”