भाराभर चिंध्या

सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या भजनी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गेला आठवडाभर पेटलाय. विषय : मास्तरांचा सत्कार करायचा की नाही. मास्तर पेटी वाजवतात, तबला वाजवतात, पखवाज, बासरी आणि गणपतीत वेळ पडली तर बेंजोसुद्धा. त्यावर एकानं लिहिलं, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या. सत्कार कलाकाराचा करतात.’ खाली अठरा अंगठे.

इथं आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये गुरुवारी रात्री कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून मी कोपऱ्यावरच्या पबमध्ये सेशनला जातो, म्हणजे लोक जमून वाद्यं वाजवतात तिथं. तिथं एक बाई येते, पोस्टात नोकरीला. मूळची फिडलवाली, म्हणजे व्हायोलिनवाली. मँडोलिनच्या तारा त्याच सुरांत लावतात, म्हणून तेही वाजवते. बँजोवाला आला नाही की बँजो उचलते (हा वेगळा, आपल्या मिरवणुकीतल्या बेंजोला टाइपरायटरसारखी बटणं असतात). व्हिसल, म्हणजे छोटी पत्र्याची बासरी, पर्समध्ये असतेच. तुझं खरं वाद्य कोणतं, असं तिला कुणी विचारत नाही. लोक सरकून जागा देतात. इथंही स्पर्धा असतात, वाद्यवार परीक्षक बसतात, ते मला ठाऊक आहे. पण सध्या ते राहू द्या.

आपल्याकडं मात्र गुरू कोण, घराणं कोणतं, विशारद झाला का! मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा याच ग्रुपवर केवढा अभिमान उतू गेला होता. आणि ज्यांच्या नावानं मिरजेत दरवर्षी संगीतसभा भरते, ते अब्दुल करीम खाँसाहेब? गायकीचा एवढा मोठा माणूस, पण बीन (रुद्रवीणा) वाजवायचे, सारंगी वाजवायचे, वाद्यं स्वतः दुरुस्तही करायचे. त्यांना म्हणा की चिंध्या.

मास्तर खाँसाहेब नव्हेत, कबूल. त्यांचा तबला द्रुत लयीत अडखळतो. पण तबलजी पुण्याला नोकरीला गेला त्या गुरुवारी भजन थांबलं नाही. बुवांचा घसा बसला की मास्तर न सांगता काळी चारवरनं काळी दोनवर, म्हणजे खालच्या पट्टीत, येतात. पखवाजाला कणीक कमी पडली तर हात पुसून तीही तेच लावतात. 2019 च्या पुरात मंडळाची पेटी दोन दिवस पाण्यात होती. भात्याचा पुठ्ठा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटलेला, सुरांत कृष्णेचा गाळ. मास्तरांनी एकेक सूर काढून साफ केला, भाता नवा चढवला. नवरात्रात तीच पेटी वाजली. मी इथं बसून व्हिडिओ बघितला आणि बदाम टाकला.

दोन वर्षं मीही त्यांच्याकडं पेटी शिकलोय. पलटे पाठ व्हायच्या आत सोडली. सेशनमध्ये कुणी गाव विचारलं तर छाती फुगवून सांगतो, सतारी बनतात त्या गावाशेजारचा. सतार आयुष्यात हातात धरलेली नाही. आणि त्या अठरा अंगठ्यांत एक माझा होता. बसस्टॉपवर, पावसात, वाचून हसू आलं म्हणून.

अंगठा काढून घेतला आणि काल रात्री ग्रुपवर लांबलचक लिहिलं, पबातल्या बाईसकट. बराच वेळ कुणी बोललं नाही. मास्तर ग्रुपवर नाहीत, त्यांचा फोन साधा आहे. मग गल्लीतल्या एका पोराचं उत्तर आलं, ‘दादा, या गुरुवारी तबल्याला कोण नाही. मास्तर पेटीवर बसणारायत. येताय का?’

मी हसरा चेहरा टाकला.