बुलबुलांच्या ‘गोंगाटा’विषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना पक्षीनिरीक्षक’ यांस,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मागच्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि तिला सविस्तर उत्तर द्यावे असे ठरवले. परसातल्या शेवग्यावर येऊन बसलेल्या शिकरा या लहान शिकारी पक्ष्याला बुलबुलांच्या जोडीने आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या कोतवाल पक्ष्याने कसे पिटाळले, एवढाच त्या लेखाचा विषय होता. आपले म्हणणे असे की छायाचित्राखालची ओळ चुकली आहे, पक्ष्यांचे ते ओरडणे निव्वळ घाबरगुंडी आहे, शिकरा पोट भरलेले असल्यामुळे आपणहून उडाला, आणि मी परसात ठेवत असलेले दाणे व पाणी हेच खरे संकटाचे मूळ आहे. असे आक्षेप घेण्याचा वाचकाला अधिकार आहे आणि तो मला मान्य आहे. मात्र “शेवग्यावरचे दोन बुलबुल म्हणजे कोणी मावळे नव्हेत, आणि खिडकीत चहाचा कप घेऊन बसणाऱ्याला त्यांचा गोंगाट शौर्य वाटला म्हणून निसर्गाचे नियम बदलत नाहीत,” हे आपले वाक्य आक्षेप म्हणून लिहिलेले नाही, ते बोचावे म्हणूनच लिहिलेले आहे.

छायाचित्राचे आधी मिटवून टाकतो. त्याखाली मी ‘नर’ असे लिहिले होते. छातीवर आडव्या तांबूस रेघांऐवजी उभे तपकिरी ठिपके आहेत आणि डोळा लाल नसून पिवळसर आहे, त्यामुळे तो पूर्ण वाढ न झालेला शिकरा आहे हे आपले म्हणणे बरोबर आहे. ओळ बदलली आहे. आभारी आहे.

आता चहाच्या कपाविषयी. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात वाढलो. त्या वाड्याच्या मागे विहीर होती, विहिरीवर उंबर होता आणि त्या उंबरावर पक्ष्यांची वर्दळ कधी थांबत नसे. वडील पहाटे रंकाळ्यावर फिरायला नेत, तेव्हा आम्हां भावंडांना पक्षी आवाजावरून ओळखायला लावत आणि चुकलो तर घरी येईपर्यंत अबोला धरत. पुढे विद्यापीठाच्या माळावर टिटवीच्या अंड्यांजवळ नकळत पाऊल पडले, तेव्हा त्या दोन पक्ष्यांनी डोक्यावरून सूर मारत मला पार रस्त्यापर्यंत हाकलले होते. हे मोठेपणासाठी सांगत नाही. परंतु ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, तो माणूस खिडकीशी बसून पक्षी पाहतो म्हणून त्याला पक्ष्यांमधले काही कळत नसणार, हा निष्कर्ष आपण कोणत्या निरीक्षणावरून काढला, हे कळले तर बरे होईल. आणि हो, मी चहा पितो. कोल्हापुरात तो गुन्हा नाही.

आपल्या वाक्यातला ‘गोंगाट’ हाच खरा वादाचा मुद्दा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आपण नावाप्रमाणे खरोखर जुने निरीक्षक असाल, तर परस अचानक गप्प होतो ती वेळही आपण अनुभवली असेल. शिकरा उडत येतो, झाडांच्या शेंड्यांवरून वेगाने निघून जातो, आणि त्या क्षणी साळुंक्या, शिंपी, बुलबुल सगळे एकदम मुके होतात. फार तर एखादी बारीक, लांबट शीळ ऐकू येते आणि ती कोणत्या फांदीवरून आली हे सांगता येत नाही. भ्यालेला पक्षी असा वागतो. पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी 1955 मध्ये युरोपातल्या लहान पक्ष्यांच्या आवाजांविषयी नेमके हेच मांडले होते. उडत्या शिकारी पक्ष्याविषयीचा इशारा बारीक आणि उंच पट्टीचा असतो, हळू सुरू होऊन हळू विरतो, आणि त्यामुळे ओरडणारा कुठे आहे हे शिकाऱ्याला समजत नाही. बसलेल्या शिकाऱ्याभोवती केला जाणारा आवाज याच्या अगदी उलट असतो. तो तुटक आणि खरखरीत असतो, पुन्हा पुन्हा केला जातो आणि कुठून येतो हे लगेच समजते. ज्याला जीव वाचवून लपायचे आहे, तो आपला ठावठिकाणा असा जाहीर करत नाही. परसातला तो ‘गोंगाट’ म्हणजे इतर पक्ष्यांना बोलावणे होते आणि बसलेल्या शिकऱ्याला ‘तू दिसला आहेस’ असे सुनावणेही होते. अभ्यासक त्याला मॉबिंग, म्हणजे शत्रूला घेरून पिटाळणे, म्हणतात, घाबरगुंडी म्हणत नाहीत.

त्या दिवशी काय दिसले, ते आपल्यासाठी पुन्हा लिहितो, कारण प्रतिक्रिया देण्यापूर्वी आपण तो भाग नीट वाचल्याचे जाणवत नाही. शिकरा शेवग्याच्या खोडालगतच्या फांदीवर, पानांच्या आड बसला होता. बुलबुलांपैकी एक त्याच्या मागच्या फांदीवर दोन हातांच्या अंतरावर आला. त्याचा तुरा उभा होता, पंख किंचित लोंबलेले होते आणि शेपटी पसरलेली असल्यामुळे तिच्याखालचा लाल ठिपका झाडाखालूनही स्पष्ट दिसत होता. शिकऱ्याने मान वळवली की तो एक फांदी मागे सरके, मान पुन्हा समोर गेली की पुढे येई. दुसरा बुलबुल विरुद्ध बाजूने तेच करत होता. खार बुंध्यावर उलटी लटकून शेपटी झटकत चिरचिरत होती. मग रस्त्यावरच्या तारेवरून कोतवाल आला. त्याने मागून आणि वरून झेप घेऊन शिकऱ्याच्या पाठीला धक्का दिला, वळसा घातला आणि पुन्हा तेच केले. तिसऱ्या झेपेला शिकरा उडाला. बुलबुलाचे वजन शिकऱ्याच्या फार तर तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढे असते आणि अशा वेळी जवळ गेलेल्या पक्ष्यालाच शिकाऱ्याने पकडल्याच्या नोंदी आहेत. तरीही ते दोघे तिथे होते. याला मी धैर्य म्हटले तर त्यात इतके कडू होण्यासारखे काय आहे?

घाबरगुंडीच असती तर ती बारमाही एकसारखी दिसली असती. याच जोडीने फेब्रुवारीत शिकरा आला तेव्हा दूर कढीपत्त्यावरून चार आवाज काढून विषय सोडून दिला होता. मे महिन्यात त्याच कढीपत्त्यात पिल्ले होती, आणि मग त्यांनी दोन हातांचे अंतर गाठले. घरट्यात अंडी आली की प्रतिकार वाढतो आणि पिल्ले मोठी होतील तसा तो आणखी वाढतो, हे अनेक जातींच्या पक्ष्यांमध्ये तपासले गेलेले आहे. भारद्वाज कुंपणातल्या मेंदीत शिरला तर हीच जोडी त्याच्यावर तुटून पडते, कारण तो अंडी आणि पिल्ले शोधत फिरतो. कोतवालाच्या घरट्याच्या आसपास होले, हळद्या, बुलबुल घरटी बांधतात, ही गोष्ट तर आपल्याकडच्या पक्षी-अभ्यासकांनी फार पूर्वी नोंदवून ठेवली आहे. शेजारी भित्रा असता तर त्याच्या आश्रयाला कोणी गेले असते का?

पोट भरलेल्या शिकऱ्याचा आपला मुद्दाही याच्याशीच जोडलेला आहे. त्याच्या पोटात काय होते हे आपल्याला इतक्या दुरून कसे कळले, ते मी विचारत नाही. शिकरा पानांत दडून बसतो आणि सरडा, उंदीर किंवा लहान पक्षी बेसावध असताना त्यावर झडप घालतो. त्याचा सगळा भरवसा न दिसण्यावर असतो. कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये : ओळखलेला डाव लागत नाही. परसातल्या प्रत्येक डोळ्याने त्याला पाहिल्यावर तिथे बसून राहण्यात त्याला काही मिळणार नव्हते, मग तो भुकेला असो वा नसो. त्याला उपाशी उठवले गेले की पोट भरल्यामुळे तो आपणहून निघाला, हा फरक आपल्याला महत्त्वाचा वाटतो. कढीपत्त्यातल्या पिल्लांना वाटत नाही.

या ओरडण्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो आपल्या ‘गोंगाटा’त कुठेच बसत नाही. 1978 मध्ये जर्मनीत एबरहार्ट क्यूरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यातल्या ब्लॅकबर्डांवर एक प्रयोग केला. एका पक्ष्याला पिंगळ्याच्या कुळातले घुबड दिसत होते आणि तो ओरडत होता. समोरच्या पक्ष्याला मात्र त्याच वेळी ऑस्ट्रेलियातला एक निरुपद्रवी पक्षी दिसेल अशी मांडणी होती. पाहणारा त्या निरुपद्रवी पक्ष्यालाच शत्रू समजू लागला, आणि पुढे ही ‘शिकवण’ एकाकडून दुसऱ्याकडे अशी सहा पक्ष्यांपर्यंत गेली. प्लॅस्टिकच्या बाटलीविषयीही पक्षी असे शिकले. यावर आपण म्हणाल की बघा, बाटलीलासुद्धा भितात. म्हणा. माझ्या परसातली नुकती उडायला लागलेली पिल्ले आईबापांचा आवाज ऐकून शिकरा कोणता ते शिकत होती, आणि त्यांना शिकायला बाटली नव्हे, शिकराच होता.

आपण वापरलेल्या ‘हौशी’ या विशेषणाला उत्तर देत नाही. स्वतःच्या नावाऐवजी स्वतःचा अनुभव सहीत लिहिणाऱ्याने इतरांना हौशी म्हणावे, यावर वाचकच काय ते ठरवतील.

राहिला दाण्यापाण्याचा मुद्दा. दाण्यांमुळे पक्षी एका जागी गोळा होतात आणि शिकऱ्याला ते आयतेच सापडतात, शिवाय जास्वंदीच्या आडोशाला ठेवलेल्या कुंडीशेजारी मांजर दबा धरते, असे आपण बऱ्याच विस्ताराने लिहिले आहे. तो स्वतंत्र विषय आहे आणि या लेखाशी त्याचा संबंध नाही. मांजर शेजाऱ्यांचे आहे. पाण्याची कुंडी मी परवाच जास्वंदीपासून काढून अंगणाच्या मध्यावर, चिंचेच्या सावलीत ठेवली आहे, कारण आधीच्या जागी दुपारी पाणी फार तापत होते.

आपला,
लेखक