स्थानिक प्रतिनिधी

गळ्यात अडकवलेल्या ओळखपत्रावर स्वतःचे नाव वाचायला ते नाकाशी धरावे लागावे, आणि त्याच ओळखपत्रावर लाल पट्टीत छापलेला ‘स्थानिक’ हा शब्द मात्र मंडपाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसावा, या सोयीसाठी मी रीतसर शुल्क भरले होते. महामार्गालगतच्या एका लॉनवर आमच्या ओतकाम व्यवसायाची भव्य परिषद नुकतीच पार पडली. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात ज्याचे आयुष्य लोखंड वितळवण्यात गेले, त्याने घरच्या परिषदेला जाऊ नये तर कुठे जावे, असा विचार करून मी गेलो. तिथे जी वागणूक मिळाली, तिचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

उद्घाटनाविषयी फार लिहीत नाही. मान्यवर उशिरा आले, पंख्यामुळे समई पेटेना, व्यासपीठावरील प्रत्येकाला फेटा बांधण्यात आला, आणि या सगळ्याची भरपाई निबंध वाचणाऱ्यांच्या वेळेतून करण्यात आली. चार दालनांत एकाच वेळी सत्रे होती आणि त्यांना पन्हाळा, विशाळगड, भुदरगड, पारगड अशी नावे दिली होती. माझा निबंध विशाळगडावर होता. विषय पिनहोलचा, म्हणजे कास्टिंगच्या, साच्यात लोखंड ओतून घडवलेल्या भागाच्या, कातडीखाली दडून बसणाऱ्या आणि मशिनिंगला गेल्यावरच तोंड दाखवणाऱ्या बारीक छिद्रांचा. भंगारातून लोखंडात शिरलेले अगदी थोडेसे ॲल्युमिनिअमसुद्धा साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटायला मदत करते, इथवर मी आलो होतो, आणि ‘परंतु आमच्याकडे ॲल्युमिनिअम आटोक्यात आणूनही छिद्रे राहिली’ हे सांगायला तोंड उघडणार, तोच अध्यक्षांनी घंटा वाजवली. प्रश्नोत्तरे चहाच्या वेळी करावीत, असे जाहीर झाले. चहाच्या वेळी मला तीन प्रश्न विचारण्यात आले : स्वच्छतागृह कुठे आहे, पन्हाळ्याला जायला बस कुठून मिळते, आणि पांढरा रस्सा तिखट असतो का.

जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांनी वळून माझी लाल पट्टी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“तुम्ही इथलेच? वा! मग आमचं काम झालं. देवीच्या दर्शनाला गर्दी कधी कमी असते हो?”

मंगळवार-शुक्रवार सोडून कधीही दुपारी जावे, म्हणजे आत्ता गेलात तर उत्तम, असे मी सांगितले. परिषदेने दिलेल्या कोऱ्या वहीत त्यांनी ते लिहून घेतले.

“बरं, आता चपलेचं. मेव्हणे म्हणाले, करकर वाजते तीच खरी. ही करकर नेमकी कुठून येते? टाचेतून की पट्ट्यातून?”

“मी लोखंडातला माणूस आहे,” मी म्हणालो.

“असू द्या हो, निरीक्षण तर असेल! चामड्यात ओलावा किती टक्के ठेवतात? पावसाळ्यात आवाज बदलतो का?”

चपलेचा ओलावा टक्क्यांत विचारणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. पावसाळ्यात आम्ही ती चप्पल घालतच नाही, हे उत्तर त्यांना फार महत्त्वाचे वाटले असावे, कारण त्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. रांग दोन पावले सरकली. मग गूळ निघाला.

“एक शंका फार दिवसांची आहे. ढेप फोडली की आत कधी कधी बारीक भोकं दिसतात. वरून पाहावं तर ढेप गुळगुळीत! ती भोकं कशानं पडतात? काहिलीत काही राहतं, की साच्यात ओततानाच हवा शिरते?”

“ते गुळव्याला विचारा,” मी जरा तुटकपणेच म्हणालो. ज्याच्या कारखान्यात भोके पडलेल्या कास्टिंगचा ढीग लागला आहे, त्याला जेवणाच्या रांगेतही भोकांविषयीच विचारावे, याला काय म्हणावे!

“गुळव्याची आणि तुमची ओळख आहे का?” असे ते विचारत असतानाच एक स्वयंसेवक धावत आला. त्याने माझी पट्टी पाहिली आणि अतिशय आदराने माझा दंड धरला.

“काका, तुम्ही लोकल न्हवं? पावण्यांस्नी आधी जेवू द्या की. आपण काय, घरचीच माणसं.”

शुल्क घेताना घरचा कोणी नव्हता. मी रांगेच्या शेवटी गेलो आणि वेळ जावा म्हणून परिषदेची स्मरणिका उघडली. त्यात ते गृहस्थ फोटोसह होते. ग्रीन सँडमधील, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूतील, ओलावा आणि पृष्ठभागाखालील पिनहोल या विषयावर त्यांचा निबंध होता, आणि मी विशाळगडावर बोलत होतो नेमक्या त्याच वेळी ते पन्हाळ्यावर वाचत होते. मी धावत पुढे गेलो, तर ताट अर्धवट टाकून ते देवीच्या दर्शनाला निघून गेले होते, आत्ता गर्दी नसते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते म्हणून. संयोजकांकडे त्यांचा फोन नंबर मागितला, तेव्हा प्रतिनिधींची माहिती गोपनीय असते असे उत्तर मिळाले. छातीवर टांगलेली माझी माहिती तेवढी जगजाहीर होती.

आमच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या मागच्या खोलीत आम्ही वीस-पंचवीस जण अधूनमधून जमतो. त्याला परिषद म्हणण्याची कोणाची छाती नाही. मध्ये एक टेबल, त्यावर ज्याचे त्याने आणलेले फसलेले कास्टिंग, आणि ते हातोहात फिरत असताना चहा. मागे एकाने कोल्ड शट पडलेला पंपाचा भाग आणला. लोखंडाच्या दोन धारा समोरासमोर येऊनही न जुळल्याची शिवण त्यावर स्पष्ट दिसत होती. कोपऱ्यातून एकच प्रश्न आला, “भट्टीपास्नं लॅडल किती लांब नेतोस?” लॅडल म्हणजे वितळलेले लोखंड नेण्याचे भांडे. त्याने सांगितलेले अंतर ऐकून सगळे हसले, वाटेतच लोखंड गार होत होते. हे कबूल करायला त्याला लाज वाटली नाही, कारण हसणाऱ्या प्रत्येकाचे रिजेक्शन त्याला ठाऊक होते. मोठ्या मंडपात मात्र व्यासपीठावर चढलेल्या एकाही माणसाच्या कारखान्यात कास्टिंग फसत नाही, आणि ती फसत नसतील तर एवढी माणसे जमतात तरी कशाला, हे मला कळत नाही.

शहाण्या लोकांनी याचा बंदोबस्त फार पूर्वीच करून ठेवला आहे. अमेरिकेत १९३१ साली सुरू झालेल्या गॉर्डन परिषदांत जे बोलले जाते ते बाहेर उद्धृत करायचे नाही, असा नियम आहे, त्यामुळे माणसे अर्धवट आणि फसलेले कामही मांडतात. शिवाय दुपार मोकळी ठेवतात. जर्मनीतल्या ओबरवोल्फाख येथे सुमारे ५० गणिती आठवडाभर एकत्र राहतात, आणि जेवणाच्या टेबलांवर नावे लिहिलेली नॅपकिनची पाकिटे मुद्दाम उलटसुलट करून मांडतात, म्हणजे रोज नव्या माणसाशेजारी बसावे लागते. तिथे आमचे गृहस्थ माझ्या शेजारी आले असते, तर गुळाच्या भोकांवरून लोखंडाच्या भोकांवर यायला आमटी गार होण्याइतकाही वेळ लागला नसता.

मोठ्या परिषदेत नवी यंत्रे चालू स्थितीत पाहायला मिळतात, हे मी नाकारत नाही. पण यंत्रे पाहायची तर प्रदर्शन भरवावे, त्यासाठी मला सहा मिनिटे विशाळगडावर चढवू नये.

समारोपात अध्यक्षांनी टाळ्यांच्या गजरात जाहीर केले की पुढची परिषद याच ठिकाणी दुप्पट प्रतिनिधींची होईल आणि चारऐवजी आठ दालने असतील. आमच्या जिल्ह्यात रांगणा, सामानगड, गगनगड आणि पावनगड अजून शिल्लक आहेत, तेव्हा दालनांना नावे कमी पडतील अशी आशाही उरलेली नाही.