हवालदार छाप

आज सकाळी आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं सुशीलकुमार शिंद्यांची जुनी क्लिप टाकली. खाली ओळ: "हवालदार छाप माणसाला गृहखातं दिलं की असंच व्हायचं." त्यावर सतरा हसऱ्या इमोजी. मी मोजल्या.

पहिली गोष्ट, ते फौजदार होते. हवालदार माझे वडील.

अनंत चतुर्दशीला अण्णा उजाडायच्या आत बंदोबस्ताला जायचे. पापाची तिकटी, नाहीतर महाद्वार रोड. आपली कोल्हापूरची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तुम्हाला काय सांगायचं. एका वर्षी घरी आले तर पाय एवढे सुजलेले की बूट निघेनात. आईनं बुटासकट पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवले. डबा न उघडता परत आलेला, भाकरीचा पापड झालेला.

तर हे शिंदे. सोलापूरच्या कोर्टात शिपाई, मग सीआयडीत फौजदार. नोकरी सोडून १९७४ ला करमाळ्यातून आमदार, २००३ ला मुख्यमंत्री, ३१ जुलै २०१२ ला देशाचे गृहमंत्री. दाखवा की दुसरा असा! कसाबला येरवड्यात फाशी त्यांच्याच काळात झाली, होईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हा पेढे वाटणारे हेच, आज इमोजी टाकणारेही हेच.

बोलताना घसरायचे, बरं. गृहमंत्री झाले त्याच दिवशी, तोवर त्यांच्याकडंच असलेल्या वीजखात्याच्या ग्रिडनं निम्मा देश अंधारात घातला, तेही बरं. आणि राज्याचे गृहमंत्री राहिलेल्या आर. आर. आबांनी कधी वर्दी घातली नव्हती तरी आमच्या घरात ते आबाच होते, हेही लिहून टाकते, नाहीतर तासगावकर कमेंटमध्ये येतील.

पण बूट निघत नाहीत म्हणजे काय, हे फायलीत कुठं लिहिलेलं असतं? २०१६ ला मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्यूटी सुरू झाली. तो आराखडा मांडला एका शिपायानं. कुठल्या मंत्र्याला सुचलं नव्हतं ते इतकी वर्षं! आणि मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले सत्यपाल सिंह दिल्लीत मंत्री झाले, तर त्यांना दिलं काय? शिक्षण. मग ते म्हणाले डार्विन चुकला. आता टाका इमोजी.

ग्रुपवर बरंच काही लिहिलं होतं, पुसलं. ज्यानं ओळ टाकली तो लहानपणी आमच्या पोलीस लाइनीत क्रिकेट खेळायला यायचा. अण्णा त्याला चेंडू आणून द्यायचे. विसरला असेल.

दुपारी जेवताना अण्णांना सगळं सांगितलं. फौजदाराचा गृहमंत्री, वर्दीची जाण, मी अगदी तावातावानं. ते भाकरी कुस्करत होते. म्हणाले, "सीआयडीत होते न्हवं ते? मग साधी कापडं. चप्पल घालून जात असतील की गं."