एफ-वन दाबा, पुढे चला

बीईच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचं नाव जितकं लांब तितके मार्क जास्त, असा आमच्या कॉलेजात पक्का समज होता. म्हणून आम्ही चौघांनी ठेवलं, 'ग्रामीण प्राथमिक विद्यार्थ्यांसाठी ऑफलाइन शैक्षणिक तंत्रज्ञानाची सर्वसमावेशक उपलब्धता'. म्हणजे काय, तर एका ऑफिसने भंगारात काढलेले कॉम्प्युटर झाडून पुसून त्यात लिनक्स टाकायचं, नेट नसताना चालणारं कोलिब्री हे शिकण्याचं सॉफ्टवेअर टाकायचं, चौथीचं गणित मराठीत बसवायचं आणि सगळं भोर तालुक्यातल्या एका दोन-मास्तरी शाळेत नेऊन ठेवायचं.

लिटरेचर सर्व्हेला मोठी माणसं होतीच. सुगत मित्रांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि पोरं आपली आपण शिकली म्हणे, अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटेंनी २००५ मध्ये गरीब देशांतल्या पोरांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची हवा केली (तो शंभरात कधी बसला नाही ते सोडा). पण आम्ही वाचलं त्यात अर्थिंगबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

आमच्या शाळेत अर्थिंगच नव्हतं. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या. गुरुजी म्हणाले चपला घालून बसा, पण कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालायच्या नाहीत हा नियमही गुरुजींचाच, दारावर खडूने लिहिलेला, आणि पोरं तो इतक्या भक्तीने पाळायची की शॉक खातील पण चप्पल आत नेणार नाहीत. शेवटी गावातल्या वायरमनने शाळेमागे खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून दिलं. मीठ पोषण आहाराच्या डब्यातलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची खिचडी अळणी झाली आणि त्याचं खापर पोरांनी आमच्यावर फोडलं.

मग उद्घाटन. सरपंचांनी मॉनिटरला हार घातला, नारळ बाहेर पायरीवर फोडला इथपर्यंत ठीक, पण हळद-कुंकू नेमकं यूएसबीच्या पोर्टात. तो पोर्ट शेवटपर्यंत सौभाग्यवतीच राहिला, पेनड्राइव्ह काही त्याने घेतला नाही.

खरी गंमत पुढे. पुढच्या खेपेला गेलो तर खोलीला कुलूप. एक गुरुजी बीएलओच्या म्हणजे मतदार यादीच्या कामाला, दुसरे एकटे चारही वर्ग सांभाळतायत आणि किल्ली पहिल्या गुरुजींच्या खिशात. त्याच्या पुढच्या वेळी ते ट्रेनिंगला, किल्लीसकट! सर्वसमावेशक उपलब्धता खिशात घालून माणूस तालुक्याला गेला तर सॉफ्टवेअर काय करणार? तोडगा काढला खिचडी करणाऱ्या मावशींनी. म्हणाल्या, मी तर रोज असते बाबांनो, द्या इकडं. किल्ली चुलीजवळच्या खिळ्याला लागली आणि पोरं मधल्या सुट्टीतही कॉम्प्युटरवर बसायला लागली. माझ्या मते प्रोजेक्टमधलं एकमेव संशोधन हे, पण ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या रिपोर्टात, 'खिळा' कुठल्या चॅप्टरला टाकायचा हे गाईडना सुचेना म्हणून वगळलं.

दुरुस्तीला पोरं आमच्यापेक्षा हुशार निघाली. मशीन नुसतंच बीप-बीप करायला लागलं की रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासायचे, परत बसवायची. खोडरबर प्रत्येकाच्या कंपासमध्ये! एक पोरगी तर बीप ऐकूनच रबर काढायची.

राहिला मदरबोर्डवरचा, तारीख-वेळ लक्षात ठेवणारा बटणाएवढा सेल. तो सगळ्यांचाच मेलेला, त्यामुळे चालू केलं की तारीख १ जानेवारी २००५ आणि स्क्रीनवर 'एफ-वन दाबा'. पोरांना वाटायचं कॉम्प्युटर असाच चालू होतो. सेल चाळीसेक रुपयांचा, पण कॉलेजला जीएसटीचं बिल हवं आणि रस्त्यावरचा दुकानदार सेलसोबत बिल मागितलं की आपल्याकडे बघून हसतो. तीन हजारांचा फ्लेक्स मंजूर झाला, त्याला बिल होतं. एसटीचं भाडं, वायरी, एक्स्टेंशन बोर्ड सगळं आम्ही खिशातून घातलेलं, पण सेलवर अडून बसलो, आता प्रश्न तत्त्वाचा होता.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी रिपोर्ट चाळला आणि चष्मा वर केला.

"मुलं २००९ची, आणि अपूर्णांक सोडवले २००५ मध्ये? डेटा खोटा आहे?"

आम्ही सेलची कथा सांगितली, बिलासकट. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पाकिटातून पन्नासची नोट काढून टेबलावर ठेवली. "निदान सर्व्हरचा तरी बदला रे."

आमचे गाईड पुढे वाकून हळूच म्हणाले, "सर, हे डोनेशन दाखवायचं तर पावती फाडावी लागेल, आणि पावतीपुस्तक अकाउंट्सला आहे, ते चारला बंद होतं."